कोपराचं हाड मोडल्यावर आखडलेला हात पुन्हा मोकळा कसा करायचा

प्लास्टर निघालं, एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले "हाड छान जुळलंय", आणि हात सरळ करायला गेलं तर तो काटकोनातच अडकलेला. ना तोंडापर्यंत जातो, ना खाली सुटतो. फिजिओथेरपीसाठी येणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी हेच विचारतात: हाड जुळलं, मग हात का उघडत नाही? कारण हाड जुळणं आणि सांधा हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं काम शरीर आपण होऊन करतं. दुसरं करून घ्यावं लागतं, आणि ते जोर लावून होत नाही. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा आणि शक्यतो स्वतःच्या स्नायूंच्या ताकदीने हात हलवला, तर कोपर मोकळं होतं. दुसऱ्याने ओढून, दाबून, रगडून ते जास्तच आखडतं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

कोपर इतकं का आखडतं

कोपरात दंडाचं एक आणि हाताची दोन अशी तीन हाडं एकत्र येतात. त्यांचे तीन सांधे होतात आणि तिन्ही एकाच पातळ पिशवीत बसलेले असतात. हाडं एकमेकांत घट्ट बसतात, मध्ये सैल जागा फारशी नसते. हाड मोडलं की या पिशवीत रक्त साठतं, सूज येते. सुजलेल्या कोपराला अर्धवट वाकलेल्या स्थितीत सगळ्यात कमी ताण पडतो, म्हणून माणूस हात तसाच धरून ठेवतो. झोळीही त्याच स्थितीत बांधलेली असते. मग पिशवी त्याच मापाला आक्रसते आणि जाड होते. शिवाय कोपर वाकवणारा एक मोठा स्नायू या पिशवीच्या पुढच्या बाजूला अगदी चिकटून असतो. त्याला मार लागला की तो आणि पिशवी एकमेकांना धरून बसतात.

म्हणून हल्लीचे हाडांचे डॉक्टर मोठ्या माणसाचं कोपर शक्य तितकं कमी दिवस बांधून ठेवतात. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पूर्ण बंद राहिलेलं कोपर उघडायला फार त्रास देतं. ऑपरेशन करून प्लेट किंवा तारा बसवण्याचा एक मोठा हेतूही हाच असतो की हाड पक्कं धरलं जावं आणि हात लवकर हलवता यावा. त्यामुळे ऑपरेशन झालेले काही जण "आता आतून पक्कं केलंय, हात जपून ठेवतो" म्हणून महिनाभर झोळी सोडत नाहीत, तेव्हा ऑपरेशनचा अर्धा फायदा वाया जातो.

व्यायामाआधी डॉक्टरांकडून काय विचारून घ्यायचं

शेजारच्याचं कोपर मोडलं होतं तेव्हा त्याने जे व्यायाम केले ते तुम्हाला चालतीलच असं नाही. कोणतं हाड मोडलं, यावर सगळं अवलंबून आहे.

पडताना तळहात टेकला की बहुतेक वेळा अंगठ्याकडच्या हाडाचं वरचं टोक मोडतं. डॉक्टर त्याला रेडियल हेड म्हणतात. तुकडे सरकलेले नसतील तर काही दिवस झोळी आणि लगेच हालचाल, एवढंच पुरतं. यात वाकवणं आणि सरळ करणं बहुधा लवकर परत येतं. तळहात फिरवणं मात्र मागे राहतं.

कोपराचं टोक थेट आपटलं तर ऑलेक्रेनॉन मोडतं, म्हणजे टेबलावर कोपर टेकवल्यावर जे टोचतं ते हाड. दंडामागचा हात सरळ करणारा स्नायू याच टोकाला जोडलेला असतो. म्हणून तारा किंवा प्लेट बसवल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवडे जोर लावून हात सरळ करायचा नसतो. वाकवायचा स्वतः, सरळ करायचा दुसऱ्या हाताच्या आधाराने. खुर्चीच्या हातावर भार देऊन उठणंही या काळात बंद.

दंडाच्या हाडाचं खालचं टोक मोडणं हा जास्त अवघड प्रकार. वयस्क बायकांमध्ये, हाडं ठिसूळ झालेली असताना, नुसतं मोरीत घसरूनही हे होतं. आणि हाड मोडण्याबरोबर सांधाही निखळला असेल तर कोणत्या कोनापलीकडे सरळ करायचं नाही ते डॉक्टर ठरवून देतात. तो कोन आकड्यात विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

विचारायचे प्रश्न साधे आहेत: हाड आता किती पक्कं आहे? हात मी स्वतः हलवू का, की आधाराने? कोणती हालचाल बंद आहे, आणि किती दिवस? वजन कधीपासून? डिस्चार्ज कार्डावर "फिजिओ सुरू करा" एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. याच चार उत्तरांवर फिजिओथेरपिस्ट पुढचं ठरवतो.

हात बांधलेला असताना

कोपर बंद आहे म्हणून सगळा हात बंद ठेवायचा नाही. जागं असताना दर तासाला बोटांची घट्ट मूठ आणि पूर्ण उघडी बोटं, असं दहा वेळा. मनगट मोकळं असेल तर तेही. खांद्याला परवानगी असेल तर हात डोक्यावर नेणं दिवसातून तीनदा. पन्नाशीच्या पुढे, त्यातही मधुमेह असेल, तर कोपराच्या नादात खांदा कधी जाम होतो ते कळतही नाही आणि मग दोन सांध्यांचे व्यायाम करत बसावं लागतं.

सूज कमी ठेवणं हे या दिवसांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम. झोपताना हात दोन उशांवर, हृदयापेक्षा वर. दिवसभर झोळीत लोंबता हात ठेवून फिरलं की संध्याकाळी बोटं टम्म होतात. अंगठी पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र तातडीची. प्लास्टरमध्ये वेदना वाढतच चालली, गोळीने थांबेना, दुसऱ्याने बोटं हळूच सरळ केली तरी जीव जातोय, बोटं बधिर, पांढरी किंवा निळसर होताहेत, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच तासात हॉस्पिटल. आवळलेल्या बंधामुळे स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि हात कायमचा पंजासारखा आकडतो. जर्मन शल्यविशारद रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं आणि आजही हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ताज्या मोडलेल्या कोपरावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधून घेतल्यावर हे होऊ शकतं. म्हणून ताजा मार घेऊन हाडवैद्याकडे जाऊ नका, एवढं कळकळीने सांगतो.

आज हात कुठे आहे ते मोजून ठेवा

पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य अंश, पूर्ण वाकलेला म्हणजे साधारण १४० ते १४५. कोपर कमरेशी ठेवून अंगठा छताकडे धरला, तर तिथून तळहात वर आणि खाली प्रत्येकी सुमारे ८० अंश फिरतो. रोजच्या कामाला एवढं सगळं लागत नाही. १९८१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी ३३ निरोगी माणसांची रोजची कामं मोजून पाहिली. बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या दरम्यान होतात आणि तळहात दोन्हीकडे ५०-५० अंश फिरला तरी भागतं, असं त्यांना दिसलं. आजही डॉक्टर हाच हिशोब धरतात. मोबाइल कानाला लावायला थोडं जास्त वाकावं लागतं, तो त्या काळी नव्हता.

आपल्याकडच्या कामांचा हिशोब आपणच मांडायला हवा. हाताने जेवायचं तर घास तोंडापर्यंत न्यायला वाकणं हवं. अंबाडा घालायला, मंगळसूत्राचा हूक लावायला त्याहून जास्त. ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुवायला आणि तीर्थ घ्यायला तळहात वर व्हायला हवा. शौचानंतर धुण्यासाठी हात बराच सरळ व्हावा लागतो. हे कुणी उघडपणे सांगत नाही, पण अनेकांना खरी अडचण तिथेच असते. ती फिजिओथेरपिस्टला न लाजता सांगा. ध्येय त्यावरून ठरतं.

मोजायला घरात मोबाइल पुरतो. हात बाजूने दिसेल असं बसा, कुणाला तरी कोपराच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा: एक जास्तीत जास्त सरळ केलेला, एक जास्तीत जास्त वाकवलेला. दोन्ही हातांचे काढा, म्हणजे तुमचं स्वतःचं मूळ माप कळेल. दर रविवारी त्याच जागी, त्याच अंतरावरून. रोज मोजू नका. कोपर सकाळी आखडलेलं आणि दुपारी सैल असतं, रोज मोजलं की उगाच धीर खचतो.

मुख्य व्यायाम

सूज आणि ऊब असलेल्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत गरम शेक नको. व्यायामानंतर रुमालात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. सूज ओसरली, टाके भरले, बाहेर डोकावणारी तार नसेल, तर व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं कोमट-गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. तापवलेल्या विटेचा शेक नको, ऊब कळायच्या आत कातडी भाजते. मधुमेहींनी पिशवी आधी चांगल्या हाताला लावून बघावी.

पहिला व्यायाम मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो करायला भीती वाटत नाही. पाठीवर झोपा. दुखरा दंड उभा, कोपर छताकडे. दुसऱ्या हाताने दंडाला आधार द्या. आता पुढचा हात हळूहळू कपाळाकडे येऊ द्या. त्याच्या स्वतःच्या वजनाने तो वाकतो, तुम्ही फक्त सोडायचं. जिथे थांबेल तिथे दोन-तीन श्वास थांबा आणि पुन्हा छताकडे सरळ करा. ऑलेक्रेनॉनचं ऑपरेशन असेल तर सरळ करताना दुसऱ्या हाताने मनगट उचलून न्या. या स्थितीत हाताचं वजन सांध्याला जागेवर धरून ठेवतं आणि वाकवणारा स्नायू, जो एरवी भीतीने घट्ट होऊन बसतो, तो सैल पडतो. बसून अजिबात न वाकणारं कोपर झोपून बरंच पुढे जातं. दहा वेळा.

दुसरा, टेबलावर सरकवणं. खुर्चीत बसून हात टेबलावर, तळव्याखाली नॅपकिन. नॅपकिन पुढे सरकवत न्या, छाती थोडी पुढे झुकवा, कोपर सरळ होत जाईल. मग मागे ओढा. टेबल गुळगुळीत हवं, सनमायका असेल तर उत्तम. जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या हे दिवसभर करता येतं.

तिसरा, सरळ करण्यासाठी लोंबता हात. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टेबलाच्या कडेला ठेवा. कोपराच्या जरा वर, दंडाची मागची बाजू तिच्यावर टेकवा, तळहात वर, पुढचा हात टेबलाबाहेर मोकळा. आता काहीही करू नका. दोन ते पाच मिनिटं हात नुसता पडू द्या. वजन नको. कोपरासमोर दंडाच्या स्नायूची दोरी लागते, तिच्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. दोरी ताठ असेल तर तुम्ही नकळत हात धरून ठेवलाय. श्वास सोडताना ती मऊ पडते का बघा. मऊ पडली की हात आपोआप खाली जातो.

डॉक्टरांनी हाड पक्कं झाल्याचं सांगितलं की यातच एक भर घाला, साधारणपणे सहा आठवड्यांनंतर. दुसऱ्या हाताने मनगट धरा, दुखरा हात हलकेच वाकवायचा प्रयत्न करा आणि दुसऱ्या हाताने तो होऊ देऊ नका. जोर अगदी थोडा, पाच सेकंद. मग सोडून द्या आणि स्वतः हात सरळ करा. स्नायू काम करून दमला की लगेच नंतर सैल पडतो, त्या क्षणाचा हा फायदा. चार-पाच वेळा पुरे.

चौथा, तळहात फिरवणं. इथे फसवणूक सगळ्यात जास्त होते. पोळ्या लाटून देण्याचं काम करणाऱ्या एक काकू माझ्याकडे यायच्या. रेडियल हेड मोडलं होतं, वाकणं-सरळ होणं छान आलं होतं, पण गिऱ्हाइकाकडून सुटे पैसे घेताना नाणी हातातून घसरायची. करून दाखवताना त्यांचा तळहात वर दिसत होता. नीट बघितलं तर कोपर पोटाच्या पुढे येत होतं आणि त्या कमरेतून कलत होत्या. मनगटाच्या वरची हाडं फिरतच नव्हती, अंग फिरत होतं. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये घडी केलेला नॅपकिन दाबून धरायला लावला आणि आरशासमोर उभं केलं. नॅपकिन पडला की तो फेरा मोजायचा नाही. तेव्हा खरा कोन दिसला आणि तिथून सुधारणा सुरू झाली.

तुम्हीही तसंच करा. कोपर काटकोनात, नॅपकिन काखेत नको, कोपराशीच, मुठीत लाटणं मधोमध धरलेलं. लाटणं उभं म्हणजे मध्य. तिथून एकदा बाहेर आडवं, एकदा आत आडवं. शेवटच्या टोकाला दहा सेकंद थांबायचं. काही आठवड्यांनी लाटणं एका टोकाला धरलं की त्याचं वजनच तळहात फिरवायला मदत करतं.

पाचव्याला व्यायाम म्हणायचं की काम, कोण जाणे. दुखऱ्या हाताने तोंड पुसा, कान धरा, समोरच्या खांद्यावर हात ठेवा, मानेमागे न्या, पाठीमागे कमरेवर न्या. घास त्याच हाताने घ्या. मान खाली वाकवून घासापर्यंत तोंड नेऊ नका. दात घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, शेंगा सोलणं, देवापुढे फुलं वाहणं, हे सगळं वजन नसलेलं काम दुखऱ्या हाताकडे द्या. झोळी गर्दीत किंवा प्रवासात घाला, घरात नको.

प्रमाण असं ठेवा: दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं. संध्याकाळी एकदम तासभर करून सकाळपासूनचं भरून निघत नाही. मधल्या वेळात हात दोन-दोन तास एकाच स्थितीत राहू देऊ नका.

किती दुखलं तर चालेल

ताण जाणवायलाच हवा, पण तो तुम्ही बोलत बोलत सहन करू शकाल एवढाच. दहापैकी तीन-चार. व्यायाम थांबल्यावर अर्ध्या-एक तासात तो उतरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली आणि हात कालच्यापेक्षा कमी वाकतोय, असं झालं तर काल जास्त झालं. व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. वेदनेच्या गोळीला घाबरून कोरडेच व्यायाम करणारे लोक आखडून बसतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली तर तिचा खरा उपयोग होतो.

बादली, मालीश आणि ओढाओढ

"पाण्याची बादली उचलून धर, हात आपोआप सरळ होईल." हा सल्ला घरातले, शेजारचे, कधी दवाखान्यातले लोकसुद्धा देतात. वर सांगितलेली दंडाची दोरी आठवा. बादली हातात आली की ती दोरी तटकन ताठ होते, कारण वजन खाली ओढतंय म्हटल्यावर स्नायू कोपर वाचवायला वर ओढतो. म्हणजे तुम्ही वाकवणाऱ्या स्नायूलाच कसरत देताय. ओझं जास्त असेल तर त्याचे तंतू फाटतात, आत रक्त साठतं, आणि मार लागलेल्या कोपराभोवती साठलेल्या रक्ताच्या जागी कधी कधी चक्क नवीन हाड तयार होतं. स्नायूत हाड. मग सांध्याची वाटच बंद.

मालीशचं नेमकं हेच आहे. प्लास्टर निघाल्यावर तेल लावून जोरात रगडणं, कुणीतरी दंड धरणं आणि कुणीतरी मनगट ओढणं, "कट् आवाज आला की मोकळं झालं" म्हणणं. त्या 'कट्'मध्ये काय तुटलं हे कुणाला ठाऊक नसतं. टाक्यांच्या व्रणावर खोबरेल तेलाने बोटाच्या टोकाने हलकं चोळायला हरकत नाही, त्याने व्रण खालच्या थराला चिकटत नाही. पण तेवढंच. महिनाभर नीट सुधारणारा हात मालीशच्या चार फेऱ्यांनंतर दगडासारखा झालेला बघितला की वाईट वाटतं, कारण तो माणूस आळशी नव्हता, उलट हात लवकर बरा व्हावा म्हणूनच तिकडे गेला होता. फिजिओथेरपिस्टही तुमचा हात धरून तुम्ही ओरडेपर्यंत दाबत असेल तर थांबवा आणि दुसरा शोधा.

कोपराच्या पुढे कडक गाठ लागते, ती जागा गरम आहे आणि हालचाल आठवड्यागणिक कमी होतेय, असं दिसलं तर एक्स-रे काढून घ्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तेही ताबडतोब सांगायचं. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस दबते आहे, आणि हात जबरदस्तीने वाकवत राहिलं तर ती जास्त दबते. पंजा सुजून चकाकतोय, घाम सुटतोय, नुसत्या पंख्याच्या वाऱ्यानेही आग होतेय, हा नसांच्या बिघाडाचा वेगळा आजार असू शकतो आणि तो जितका लवकर ओळखला जाईल तितका आटोक्यात येतो. जखमेतून पू, ताप, लाली यांबद्दल वेगळं सांगायला नको.

मुलांचं कोपर

झाडावरून, झोक्यावरून पडलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलांमध्ये कोपराच्या जरा वर हाड मोडणं फार सर्रास दिसतं. सरकलेलं असेल तर तारा घालतात आणि त्या साधारण तीन-चार आठवड्यांत काढतात. त्यानंतर आईवडील घाबरतात, कारण हात वाकडाच दिसतो. मुलांना बहुधा कसल्याही व्यायामाची गरज नसते. खेळताना, जेवताना, चित्र काढताना हात हळूहळू उघडतो. बराचसा काही आठवड्यांत, राहिलेला काही महिन्यांत, क्वचित वर्षभरात. त्यांचा हात कुणीही ओढायचा नाही. आजीने नाही, मालीशवाल्याने नाही, आणि "रडलं तरी चालेल" म्हणत आपणही नाही. हाताचा बाकच बदललाय, हात सरळ केल्यावर तो आतल्या बाजूला वळलेला दिसतोय, असं असेल तर तो आखडण्याचा प्रश्न नव्हे. तो डॉक्टरांना दाखवा.

गाडी अडली तर

पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त फरक पडतो, सहा महिन्यांपर्यंत चालू राहतो, पुढे वर्षभर थेंब-थेंब. दोन-तीन रविवारचे फोटो सारखेच आले तर निराश होऊन व्यायाम सोडू नका. ती पट्ट्याची वेळ आहे. पट्टा म्हणजे कोपराला बांधायचा, स्क्रू फिरवून थोडा थोडा ताण वाढवता येणारा ब्रेस. तो अर्धा तास, दिवसातून दोन-तीनदा बांधतात. ताण सहन होईल इतकाच ठेवायचा. तो सैल वाटायला लागला की स्क्रू थोडा पुढे. रात्री झोपताना हात सरळ ठेवणारी साधी पट्टीही उपयोगी पडते. कमी ताण, पण बराच वेळ, यानेच जाड झालेली पिशवी लांबते. मापाचा ब्रेस ऑर्थोटिस्ट बनवून देतो. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हे काम होतं. इतर ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.

"प्लेट काढली की हात मोकळा होईल" अशी एक आशा अनेकांना असते. नुसती प्लेट काढून आखडलेलं कोपर सुटत नाही. कोपराच्या टोकावरच्या तारा कातडीखाली टोचतात म्हणून काढाव्या लागतात, ते वेगळं.

ताकद आणि कामावर परतणं

पहिले सहा आठवडे चहाच्या कपाहून जड काही नाही. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, साधारण आठ ते बारा आठवड्यांनी, की अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात करा. अर्धी भरली की पाव किलो, पूर्ण भरली की अर्धा. वाकवणं, सरळ करणं, बाटली आडवी धरून तळहात फिरवणं. वजन वाढवल्यावर हालचाल कमी झाली तर वजन मागे घ्या. हालचाल आधी, ताकद नंतर.

जमिनीवरून हात टेकून उठणं हे मात्र सगळ्यात शेवटी. आपल्याकडे खाली बसणं-उठणं दिवसात कितीदा होतं, आणि उठताना सगळं वजन कोपरातून जातं. तोपर्यंत खुर्ची वापरा. दुचाकीसाठी हँडल वळवता येणं पुरेसं नाही, अचानक ब्रेक दाबल्यावर अंगाचा भार हातावर येतो तो पेलायला हवा. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. खुरपणी लवकर जमते, पाण्याने भरलेली घागर किंवा खताचं पोतं उशिरा.

तंबाखू, मिश्री, विडी या काळात तरी सोडा, हाड जुळायला त्याने उशीर होतो. आणि चालता चालता नुसतं घसरून पन्नाशीपुढच्या बाईचं कोपर मोडलं असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी आणि ड जीवनसत्त्व याबद्दल डॉक्टरांशी बोला. पुढचं हाड खुब्याचं असू शकतं.

सोडवण्याचं ऑपरेशन

साधारण सहा महिने नीट व्यायाम आणि ब्रेस करूनही रोजची कामं अडत असतील, तर आखडलेली पिशवी कापून सांधा मोकळा करण्याचं ऑपरेशन असतं, उघडं किंवा दुर्बिणीतून. आत नवीन हाड झालं असेल तर ते पिकून स्थिर होईपर्यंत डॉक्टर थांबतात आणि मग काढतात. करंगळीच्या मुंग्या असतील तर त्याच वेळी नस मोकळी करतात. या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच व्यायाम सुरू होतात आणि पुढचे तीन महिने दिवसातून अनेकदा करावे लागतात. म्हणून तारीख ठरवताना परीक्षा, घरातलं लग्न, सुगी असं काही त्या तीन महिन्यांत येत नाही ना, ते बघा.

ऑपरेशनचा निर्णय कोनावरून नको, कामावरून घ्या. कोपर पूर्ण सरळ व्हायला शेवटचे दहा-पंधरा अंश कमी राहणं फार जणांच्या बाबतीत होतं. घास तोंडात जातोय, वेणी घालता येतेय, धुता येतंय, कामाच्या ठिकाणी अडत नाहीये, तर फक्त हात शेजारच्या हातासारखा सरळ दिसावा म्हणून सांधा पुन्हा उघडून घेऊ नका.